विलंबाचे कारण

पुस्तकलाबाईने पिशवीतून आधी सांबाराची जुडी काढली,
मग डबा,
मग प्लॅस्टिकमध्ये चार घड्या घातलेला कागद.
'वाचा,' म्हणाली, 'कोतवालानं वाचला, पर तो भराभर वाचते.'

मी सावकाश वाचला.
बंदी लटारी दसरू नन्नावरे याचा
शिक्षेत सूट मिळण्याबाबतचा अर्ज
नामंजूर करण्यात येत आहे.
कारण : अभिवचन रजेवरून अकरा दिवस विलंबाने हजर.
खाली सही, सहीवर शिक्का,
शिक्क्यातले सिंह शाईत बुडालेले.

नागभीडच्या तहसिलीसमोर, ताडपत्रीखाली,
सव्वीस वर्षं मी लोकांचं बोलणं
'सदरहू'मध्ये बसवत आलो आहे.
फेरफार, वारसान, रेशनकार्डातून वेगळं होणं.
अपिलाचे पानाला चाळीस रुपये.

'अकरा दिवस काय करत होता?'

ती बोटांची पेरं मोजायला लागली.
'माय गेली मंगळवारी. त्याले जायचं होतं गुरुवारी.
तेरवी कोन करल? एकटाच पोरगा.
तेरवी झाली रविवारी, रात्री मंडपवाल्याचे गंज घासून वापस केले,
अन् सोमवारी पयल्या गाडीनं गेला.
स्वतःच्या पायानं गेला. धरून नाई नेला कोनी.'

मंगळवार ते सोमवार. मीही मोजलं.
हिशेब बरोबर निघाला, एका दिवसाचाही फरक नाही.
'मग सोपं आहे,' मी म्हणालो, 'मृत्यूचा दाखला जोडू.'

दाखला होता. त्याच प्लॅस्टिकमध्ये, आतल्या बाजूला.
नोंद करायला ती चार महिन्यांनी गेली होती, धान कापून झाल्यावर,
आणि ग्रामपंचायतीत कुणीतरी
नोंदीचीच तारीख मरणाची म्हणून चढवली.

कागदाप्रमाणे, बाई,
त्या अकरा दिवसांत तुझी माय जिवंत होती.
पेज पीत होती, कोंबड्या कोंडत होती.
स्वतःच्या तेरवीच्या पंगतीत बसली असती
तरी कागदाला चाललं असतं.

ती थोडा वेळ गप्प राहिली.
'चार महिने जास्त जगली मना सरकारात,' म्हणाली.
'रेशन तं नाई भेटलं तेवढ्या दिवसाचं.'

बाजूच्या टेबलावरून बोरकर वाकला, हळूच म्हणाला,
कावीळ दाखवा. तळोधीचा डॉक्टर तीनशेत लिहून देतो,
तारीख तुम्ही सांगाल ती.

मी तिच्याकडे पाहिलं. खरं सांगायचं तर
मी कागद यंत्रात चढवलाही होता.
'आजारी नव्हता तो,' ती म्हणाली.
'मायच्या तेरवीत त्याले आजारी कसा पाडू?'

मग माणसं शोधू. दाखला चुकला म्हणणारी,
तेरवीत जेवलेली, सहीला न घाबरणारी.
तिने नावं सांगितली :
पांडव मेस्त्री, केस कापणारा वासेकर,
अंगणवाडीची बाई, मंडपवाला
(त्याच्याकडे वही आहे, गंज आणि ताटं तारखेनिशी).
मी टंकत गेलो. एक, दोन, तीन, चार.

'आनखी?'

'रुषी चौखे बी आला होता.'

यंत्र थांबलं.
ते नाव मी निकालपत्रात वाचलं होतं तासाभरापूर्वीच.
बांधीच्या पाण्यावरून, रात्री, फावड्याचा एक घाव :
दौलत चौखे, वय चौतीस.
रुषी त्याचा धाकटा भाऊ.

'जेवला नाई,' ती म्हणाली. 'पानी बी नाई घेतलं.
पर मांडी घालून बसला होता पंगत उठेपरयंत.
जाताना लटारीले मने, तुही माय मले बोरं देत होती.'

'तो लिहून देईल?'

'इचारलं नाई.'

अपिलाची मुदत तीस दिवस.
त्यातले बावीस टपालात आणि कोतवालाच्या खिशात गेले.
तिने ऐंशी रुपये मोजले, सुटे, ओले,
आणि सांबाराची जुडी माझ्या टेबलावरच ठेवून
चारच्या गाडीला धावली.

पाचव्या साक्षीदाराची ओळ मी कोरी ठेवली आहे.
नाव पुढे लिहिलेलं नाही.
फक्त टिंबं मारली आहेत, सहीपुरती,
अंगठा असेल तर अंगठ्यापुरती.